सीमेपलीकडचा मैला, अलीकडचा खजिना: नदी साफ करण्याचा खर्च कोणी उचलायचा?

तापीकाठ (शहादा)

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात मला नदीप्रदूषणावर बोलायचे आहे आणि तयारी करताना एका गोष्टीपाशी मी अडलो आहे. माझी पुतणी अमेरिकेत सॅन डिएगोच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेजवळ राहते. समुद्र घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे म्हणून सुरुवातीला आम्हा सगळ्यांना तिचे मोठे कौतुक वाटले होते, पण तिने आजवर पाठवलेल्या छायाचित्रांत समुद्रापेक्षा ‘पाण्यात उतरू नये’ ही पाटीच जास्त वेळा दिसली. तिथल्या इम्पिरिअल बीचचा किनारा डिसेंबर २०२१ पासून सलग एक हजारांहून अधिक दिवस बंद होता. कारण असे, की तिहुआना नदी मेक्सिकोतून उत्तरेकडे वाहत अमेरिकेत शिरते, तिथेच समुद्राला मिळते आणि येताना तिहुआना शहराचा मैला सोबत आणते.

इथवर समजले. मला कोडे पडले ते पुढच्या बातमीचे. हा मैला साफ करण्यासाठी अमेरिकेच्या संसदेने २०२० साली स्वतःच्या खजिन्यातून ३० कोटी डॉलर, म्हणजे आजच्या दराने अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त रक्कम मंजूर केली. घाण एका देशाची आणि भुर्दंड दुसऱ्या देशाला, हा कुठला न्याय? ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरावी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग हा पैसा कोणत्या आधारावर दिला जातो, तो सीमेच्या अलीकडे खर्च होतो की पलीकडे, आणि जगात इतरत्रही असेच चालते का, हे जाणकारांनी सांगावे. आपली तापीही मध्य प्रदेशातून येते आणि गुजरातेत जाते, त्यामुळे हा प्रश्न मला अगदीच परका वाटत नाही.

मूळ भुसावळचा

भाऊ, मी तेरा वर्षांपासून सॅन डिएगोत आहे, म्हणून तिथल्यापुरते सांगतो.

आधी जमिनीचा उतार लक्षात घ्यावा, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. तिहुआना नदीचे पाणलोट क्षेत्र सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटर आहे. त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग मेक्सिकोत आहे, पण नदीचे मुख मात्र अमेरिकेत आहे. कोरड्या दिवसांत नदीतले घाण पाणी वळवण्यासाठी सीमेलगत तिहुआनाच्या बाजूला एक पंपघर आहे, आणि मैला उपसून टेकड्यांपलीकडे दक्षिणेच्या किनाऱ्यावर नेण्याची त्यांची व्यवस्था आहे. थोडक्यात, मेक्सिकोला आपला मैला आपल्याकडे ठेवायचा असेल तर तो विजेच्या जोरावर चढवावा लागतो. पंप बंद पडला की तोच मैला कोणालाही न विचारता उताराने अमेरिकेत येतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको, कारण वरच्या शेताचा बांध फुटला की खालच्याने कितीही भांडले तरी पाणी आधी त्याच्याच वाफ्यात शिरते.

कायद्याचा आधार १९४४ चा आहे. दोन्ही देशांत त्या वर्षी जो पाणीकरार झाला, त्यात सीमेवरच्या स्वच्छतेच्या प्रश्नांना प्राधान्य देण्याचे कलम आहे. ते राबवायला आंतरराष्ट्रीय सीमा व जल आयोग नेमलेला असून दोन्ही देशांचा त्यात एकेक विभाग आहे. मूळ करार न बदलता हा आयोग ‘मिनिट’ म्हणजे इतिवृत्त क्रमांक अमुक असे लिहीत जातो आणि दोन्ही सरकारांनी मान्यता दिली की ते बंधनकारक होते. १९९० च्या इतिवृत्त क्रमांक २८३ मध्ये ठरले, की मेक्सिकोने आपल्या हद्दीत वेगळे केंद्र बांधण्याऐवजी सीमेच्या अमेरिकी बाजूला एकच आंतरराष्ट्रीय मैलाशुद्धीकरण केंद्र उभारावे. स्वतःच्या केंद्रावर मेक्सिकोने जेवढे खर्च केले असते त्या हिशोबाने त्याने वाटा द्यावा आणि उरलेला भार अमेरिकेने घ्यावा, अशी खर्चाची विभागणी होती. ते केंद्र १९९७ मध्ये सुरू झाले. त्याची क्षमता दिवसाला अडीच कोटी गॅलन, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे ९५ एमएलडी (दिवसाला ९५ दशलक्ष लिटर) होती. या केंद्रात अमेरिकेतल्या एकाही घराचे सांडपाणी येत नाही, सगळे तिहुआनाचेच येते. त्यातून निघणारा गाळ मात्र ट्रकमध्ये भरून पुन्हा मेक्सिकोत पाठवला जातो. पाणी आम्ही साफ करू, गाळ तुमचा तुम्ही न्या, असा हा व्यवहार आहे.

आता ३० कोटींविषयी. नाफ्ता, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला जुना व्यापार करार, त्याच्या जागी जो नवा करार आला, त्याच्या अंमलबजावणीच्या कायद्यात ही रक्कम घातली गेली आणि ती अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे गेली. पुढे ऑगस्ट २०२२ च्या इतिवृत्त क्रमांक ३२८ मध्ये एकूण ४७.४ कोटी डॉलरची कामे ठरली, त्यात अमेरिकेचे ३३ कोटी आणि मेक्सिकोचे १४.४ कोटी. मेक्सिकोच्या बाजूचे मोठे काम होते किनाऱ्यावरच्या मोडकळीस आलेल्या केंद्राची पुन्हा उभारणी. ते काम त्यांच्या लष्कराने केले आणि केंद्र २०२५ मध्ये सुरू झाले.

पैसा पलीकडे जातो का, या प्रश्नाचे उत्तर ‘जातो, पण अट घालून’ असे आहे. नाफ्तासोबत १९९४ साली उत्तर अमेरिकी विकास बँक उभी राहिली. तिच्यात दोन्ही देशांचे भांडवल समसमान आहे. या बँकेमार्फत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे अनुदान मेक्सिकोतल्या गटारांना आणि केंद्रांनाही मिळते, मात्र त्या कामाचा फायदा अमेरिकेच्या बाजूला झाला पाहिजे, हे दाखवावे लागते. त्यामुळे हा दानधर्म आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही.

तुमच्या पुतणीला एकदा सॅटर्न बुलेव्हार्डवर घेऊन जायला सांगा. तिथे नदीचे पाणी रस्त्याखालच्या मोठ्या नळ्यांतून पडते, त्यावर फेस येतो आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. पाणी नुसते वाहते तेव्हा वायू त्यातच राहतो, पण ते आपटले की बाहेर पडतो, त्यामुळे समुद्रापासून दूर राहणारी माणसेही रात्री खिडक्या लावून झोपतात.

केळीबाग (रावेर)

माहिती चांगली आहे, पण मला हे मुळातच मान्य नाही. उद्या बऱ्हाणपूरची गटारे साफ करायला रावेर तालुक्याने वर्गणी काढावी, असे कोणी म्हणाले तर आपण ऐकून घेऊ का? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्याचा भाग मानले आहे. खालच्याने पैसा द्यायला सुरुवात केली, की वरच्याला घाण करण्याचे बक्षीसच मिळते.

धुळ्याचा वकील

केळीबाग, तुमचा आक्षेप नेमका आहे आणि तो आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढेही आलेला आहे, फक्त निकाल तुमच्या बाजूने लागलेला नाही.

ऱ्हाईन नदीचे उदाहरण घ्यावे. फ्रान्सच्या अल्सास भागातल्या पोटॅश खाणी दर वर्षी प्रचंड प्रमाणात मीठ नदीत सोडत असत. शेवटच्या टोकाला असलेल्या नेदरलँड्समध्ये पिण्याचे पाणी खारट होई आणि काचगृहांतली रोपे जळत. १९७६ च्या डिसेंबरात बॉन येथे क्लोराइडविषयी जो करार झाला, त्यात मीठ रोखण्याचा खर्च असा वाटला गेला: नेदरलँड्स ३४ टक्के, जर्मनी ३०, फ्रान्स ३० आणि स्वित्झर्लंड ६. सगळ्यात मोठा वाटा त्या देशाने उचलला, ज्याने त्या खाणींतले चिमूटभरही मीठ नदीत टाकले नव्हते. करार प्रत्यक्ष लागू व्हायला १९८५ उजाडले. पुढे हिशोबावरून नेदरलँड्स आणि फ्रान्स यांच्यात वाद झाला आणि तो लवादाकडे गेला. २००४ च्या निर्णयात लवादाने स्पष्ट लिहिले, की प्रदूषकाने भरावे हे तत्त्व सामान्य आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग आहे असे ते मानत नाहीत. देशाच्या आत न्यायालय हे तत्त्व लादू शकते, कारण तिथे वसुली करणारा तहसीलदार असतो. दोन सार्वभौम देशांमध्ये तहसीलदार नसतो.

त्याच १९७६ साली नोव्हेंबरात युरोपीय न्यायालयाने आणखी एक वाट उघडली होती, हेही सांगायला हवे. एका डच रोपवाटिकेने त्या खाणींवर दावा लावला, तेव्हा न्यायालयाने म्हटले की नुकसान जिथे झाले तिथल्या न्यायालयातही दावा चालू शकतो, खाणीच्या गावीच जायला पाहिजे असे नाही. म्हणजे खालच्याने वर्गणीही दिली आणि दावाही लावला. दोन्ही एका वेळी करता येतात, हे आपल्याकडे फार वेळा विसरले जाते.

आपल्या उपखंडातले उदाहरण मात्र उलट्या दिशेचे आहे. माथाभांगा नदी बांगलादेशातून पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात येते आणि पुढे तिची चुर्णी होते. सीमेपलीकडे दर्शना येथील साखर आणि मद्यनिर्मिती कारखान्यांचे काळे पाणी येते तेव्हा चुर्णीतले मासे तरंगून वर येतात. तिथल्या कोळ्यांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. दोन्ही देशांचा संयुक्त नदी आयोग १९७२ पासून आहे. इथे खालचा देश आपला असल्यामुळे आपण अमेरिकेच्या जागी आहोत, पण आपल्या बाजूला केंद्र बांधून भागणार नाही, कारण हे गावाच्या गटारांचे पाणी नाही. गटारांचा मैला हजारो घरांतून येतो, तिथे वर्गणीचा मार्ग बसतो. एकच नळी ओकत असेल तर ती नळी ज्याची आहे त्याच्यावरच काम व्हायला हवे. केळीबाग, तुमचे म्हणणे या दुसऱ्या प्रकाराला शंभर टक्के लागू आहे.

जुना कनिष्ठ अभियंता (जळगाव)

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू उत्तम मांडली. मी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामांत तीस वर्षे काढली आहेत, म्हणून पैशाची जी बाजू कागदावर दिसत नाही ती सांगतो. थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

पैसा कोणी दिला यापेक्षा तो कशासाठी दिला, हे आधी विचारावे. केंद्र बांधण्याचा पैसा मिळवणे अवघड असले तरी मिळतो, कारण त्याचे भूमिपूजन होते. केंद्र चालवण्याचा पैसा मिळत नाही, कारण वीजबिल भरल्याचा नारळ कोणी फोडत नाही. एका नगरपालिकेत (नाव मुद्दाम लिहीत नाही) मला तपासणीसाठी पाठवले होते. केंद्र सहा वर्षांचे होते आणि त्याची रंगरंगोटी ताजी होती. आवक विहिरीच्या जाळीवर दुधाच्या पिशव्या, चिंध्या आणि केसांचा असा थर बसला होता, की त्यावर गवत उगवले होते. दोन पंपांपैकी एकाची मोटार जळून रिवाइंडिंगला गेली होती. तिला चार महिने झाले होते, कारण दुरुस्तीच्या लेखाशीर्षात रक्कम शिल्लक नव्हती. दुसऱ्या पंपाच्या पॅनेलवर कोळ्याने जाळे विणले होते. मात्र मैला सरळ नाल्यात सोडणाऱ्या बायपासच्या झडपेचे चाक हाताळून हाताळून चकचकीत झाले होते. नोंदवहीत दोन्ही पंप रोज सोळा तास चालत होते. मी अहवालात फक्त त्या चाकाविषयी लिहिले.

हे आपल्याकडेच होते असे समजू नका. सॅन डिएगोच्या ज्या केंद्राविषयी वर लिहिले आहे, ते श्रीमंत देशाचे, आंतरराष्ट्रीय आयोगाच्या ताब्यातले, तरीही तिथे देखभाल वर्षानुवर्षे मागे पडली. तिहुआनाचे पाइप फुटले की क्षमतेपेक्षा जास्त मैला येई आणि त्यासोबत वाळू नि कचराही येई. ऑगस्ट २०२३ च्या हिलरी वादळात केंद्राचे आणखी नुकसान झाले. विस्तारासाठी ठेवलेल्या पैशातला मोठा भाग आधी दुरुस्तीलाच लागणार, असे दिसू लागले. दुरुस्तीचाच अंदाज १५ कोटी डॉलरच्या घरात गेला होता. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये संसदेला आणखी २५ कोटी डॉलर द्यावे लागले. म्हणजे ३० कोटींची बातमी वाचून ज्यांनी काम झाले असे समजले, त्यांनी बांधकामाचा आकडा वाचला आणि तेलपाण्याचा वाचलाच नाही.

तिथे ही चूक उशिरा का होईना, लक्षात आलेली दिसते. जुलै २०२५ मध्ये दोन्ही देशांनी जो सामंजस्य करार केला, त्यात मेक्सिकोने आपल्या वाट्यातले राहिलेले ९.३ कोटी डॉलर कधी खर्च करायचे ते ठरले, आणि चालवण्याच्या व देखभालीच्या खर्चासाठी त्याच विकास बँकेत वेगळे खाते काढण्याची तरतूद पुढच्या इतिवृत्तात करायचेही ठरले. माझ्या मते त्या साऱ्या कागदांतली हीच सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

आपल्याकडच्या योजनांना हीच फूटपट्टी लावून पाहा. नमामि गंगेत १०० टक्के पैसा केंद्र सरकारचा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच मैलाशुद्धीकरण केंद्रांना असा करार लावला आहे, की ठेकेदाराला बांधकामाच्या काळात ४० टक्केच रक्कम मिळते. उरलेले ६० टक्के, केंद्र नीट चालवले तर, १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात. गंगेच्या खोऱ्याबाहेरच्या नद्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत येतात. तिथे राज्याला वाटा उचलावा लागतो आणि पुढचे चालवणे स्थानिक संस्थेच्या गळ्यात पडते. तापी, गिरणा, पांझरा गंगेच्या खोऱ्यात नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यांत सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले होते. पट्टे आपल्याकडे जास्त आणि १५ वर्षांचा हप्ता गंगेकडे, हे दुखणे बोलून दाखवायला हरकत नसावी.

केळीबाग (रावेर)

अभियंता काका, चाकाची गोष्ट पटली. तरीही बऱ्हाणपूरचा मुद्दा राहतोच. तिथून येणाऱ्या पाण्याबद्दल आम्ही दाद मागायची कोणाकडे?

धुळ्याचा वकील

देशांच्या सीमेवर नसलेली एक सोय राज्यांच्या सीमेवर आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार राज्य मंडळांमधले वाद सोडवणे हे केंद्रीय मंडळाचे काम आहे. त्यामुळे आधी आपल्या राज्य मंडळाकडे लेखी तक्रार करून ती केंद्रीय मंडळाकडे नेण्याची मागणी करावी, आणि काही हालले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहेच. यमुनेत हरियाणाकडून येणाऱ्या अमोनियाचा प्रश्न दिल्ली जल मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा न्यायालयाने प्रदूषित नद्यांचा विषय स्वतःहून हाती घेतला.

पण एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. तापी ७२४ किलोमीटर वाहते आणि आपण तिच्या मधोमध बसलो आहोत. हतनूर धरणाच्या वर आपण बऱ्हाणपूरच्या खालचे आहोत, आणि प्रकाशाच्या पुढे सुरतेच्या वरचे. मुडावदला पांझरा तापीला मिळते तेव्हा ती धुळ्याचे काय काय घेऊन येते, हे कपिलेश्वराच्या दर्शनाला गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. ते पाणी पुढे उकाई धरणात साठते आणि सुरत ते पिते. बऱ्हाणपूरवर जो अर्ज आपण लिहू, त्यात गावाचे नाव बदलून तोच अर्ज सुरतवाले आपल्यावर लिहू शकतील, म्हणून मसुदा जरा जपून करावा.

तापीकाठ (शहादा)

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या भाषणाचा रोख आता बदलला आहे. ‘अमेरिकेने पैसा का दिला’ याऐवजी मी ऱ्हाईनचे चार आकडे, इतिवृत्त ३२८ चे दोन आकडे आणि ते देखभालीचे खाते, एवढेच फळ्यावर लिहीन आणि तिथून सुरुवात करीन. भुसावळकर, पुतणीला सॅटर्न बुलेव्हार्डचा निरोप दिला, ती म्हणाली की त्या रस्त्याने जाताना गाडीच्या काचा वर करायची सवय तिला कधीच लागली आहे.

अभियंता काकांना एकच विचारायचे आहे. आमच्या मंडळातली पाच-सहा मुले आपल्या भागातल्या एका केंद्राची माहिती घ्यायला तयार आहेत. माहिती अधिकारात नेमके काय मागावे? नोंदवहीची प्रत मागितली तर तुमच्या अनुभवाप्रमाणे तीत सोळा तासच लिहिलेले असणार.

जुना कनिष्ठ अभियंता (जळगाव)

नोंदवही मागूच नका. केंद्राच्या वीजजोडणीची मागच्या २४ महिन्यांची बिले मागा आणि पंपांची अश्वशक्ती किती ते विचारा. एक अश्वशक्ती म्हणजे पाऊण किलोवॉट धरा, त्याला तासांनी आणि दिवसांनी गुणा, म्हणजे महिन्याला साधारण किती युनिटे यायला हवीत ते मुलांना वहीच्या एका पानावर काढता येईल. २० अश्वशक्तीचा एक पंप रोज १६ तास चालला, तर महिन्याला सात हजारांच्या आसपास युनिटे पडतात. बिलात आठशे दिसली, तर ती दिव्यांची आणि चौकीदाराच्या पंख्याची आहेत. आणि केंद्रावर गेलात तर आधी बायपासचे चाक पाहा.